वाघाच्या चित्राच्या ८५० प्रती

१९७३ साली डेव्हिड शेफर्ड या इंग्रज चित्रकाराने वाघाचं एक चित्र विकायला काढलं. नाव ‘टायगर फायर’. मोजून ८५० प्रती छापल्या, एकेकीची किंमत १५० पौंड. त्यातून सुमारे १ लाख २७ हजार पौंड उभे राहिले आणि ते इंदिरा गांधींनी हाती घेतलेल्या व्याघ्ररक्षणाच्या कामाला दिले गेले. त्याच वर्षी १ एप्रिलला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला होता. निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाटही होतं. आदल्या वर्षीच्या गणनेत देशभरात अवघे १,८२७ वाघ भरले होते.

हा माणूस चित्रकार होणारच नव्हता. १९३१ साली लंडनमध्ये जन्मलेल्या शेफर्ड यांना वनरक्षक व्हायचं होतं. अठराव्या वर्षी ते त्यासाठी केनियात गेले, पण तिथे नोकरी नाकारली गेली. मालिंदीच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात स्वागतकक्ष सांभाळून आणि पक्ष्यांची चित्रं विकून त्यांनी घरी परतण्यापुरते पैसे जमवले. मग लंडनच्या नामवंत स्लेड कलाशाळेनेही अंगात कला नाही म्हणून परत पाठवलं. रॉबिन गुडविन या चित्रकाराने मात्र त्यांना हाताशी धरलं आणि तीन वर्षं घासून तयार केलं.

सुरुवातीला शेफर्ड विमानं रंगवत. १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने त्यांना केनियात नेलं. तिथल्या वैमानिकांना विमानांचा कंटाळा आला होता. त्यांना हवी होती आसपासच्या प्राण्यांची चित्रं. शेफर्ड यांनी गेंडा रंगवला आणि २५ पौंड मिळाले.

त्याच दौऱ्यात ते एका पाणवठ्याशी पोचले. चोरट्या शिकाऱ्यांनी पाण्यात विष कालवलं होतं. भोवती २५५ झेब्रे मरून पडले होते.

ज्या प्राण्यांनी आपल्याला पोटापाण्याला लावलं, त्यांचं देणं फेडायचं, हे त्यांनी तिथून मनाशी धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. १९६२ च्या ‘वाइज ओल्ड एलिफंट’मधला हत्ती छापील प्रतींच्या रूपाने ब्रिटनमधल्या सामान्य घरांच्या भिंतींवर जाऊन बसला. नाव झालं, तशी त्यांच्या चित्रांना मिळणारी किंमत जंगलाकडे वळू लागली. अमेरिकेत चित्रं विकून आलेल्या पैशातून त्यांनी झांबियाला शिकारचोरांच्या मागावर जाण्यासाठी हेलिकॉप्टर घेऊन दिलं. वाफेच्या इंजिनांवर त्यांचा फार जीव. ते जाणून झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी परतभेट म्हणून त्यांना एक जुनं इंजिनच देऊन टाकलं!

१९८४ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने वन्यजीव प्रतिष्ठान उभारलं. वाघ, हत्ती, गेंडे यांच्या रक्षणासाठी ते आशिया-आफ्रिकेतल्या स्थानिक संस्थांना पैसा पुरवतं. १९ सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी शेफर्ड गेले. तोवर प्रतिष्ठानाने उभारलेला निधी ८० लाख पौंडांच्या पुढे गेला होता.

२०२२ च्या गणनेनुसार भारतात अंदाजे ३,६८२ वाघ होते. या वाढीचं श्रेय वनरक्षकांचं, शास्त्रज्ञांचं आणि जंगलासाठी आपली गावं सोडणाऱ्या माणसांचंही आहे. व्याघ्ररक्षणाच्या खर्चात त्या ८५० प्रतींचा वाटा छोटा असेल, पण तो गरजेच्या वेळी आला. यंदा दिवाळीत घरासाठी वाघाचं चित्र किंवा दिनदर्शिका घ्याल, तेव्हा त्यातले किती रुपये जंगलापर्यंत पोचतात, एवढं विक्रेत्याला जरूर विचारा.