ड्रॉपडाउन यादी आणि कॅशबद्दलचा गैरसमज

ऑनलाइन अर्जात ‘जिल्हा’ या रकान्यावर क्लिक केले की महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांच्या नावांची यादी उघडते. जावात लिहिलेला वेब प्रोग्रॅम ती डेटाबेसमधून आणतो. दर अर्जाला तीच नावे पुन्हा आणण्याऐवजी ती कॅशमध्ये (सर्व्हरच्या मेमरीत हाताशी ठेवलेली प्रत) ठेवतात. माळ्यावरच्या बरणीतून रोजच्यापुरता मसाला डब्यात काढून ठेवावा, तसेच हे.

ही प्रत अनेकदा सेशनमध्ये (एकेका वापरकर्त्यासाठी राखलेली जागा) ठेवली जाते. मग हजार जण लॉगिन असले की त्याच यादीच्या हजार प्रती होतात! यादी सर्वांची एकच असेल, तर तिची योग्य जागा ॲप्लिकेशन स्कोप (सर्व वापरकर्त्यांची सामाईक जागा) हीच.

मात्र सर्वांत मोठा गैरसमज वेगळाच आहे: एकदा कॅश केले की काम संपले, असे मानले जाते.

जिल्ह्यांची यादी स्थिर वाटते, पण ती बदलते. २०१४ मध्ये पालघर हा नवा जिल्हा झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. डेटाबेसमध्ये दुरुस्ती होऊनही कॅशमधली प्रत जुनीच राहिली, तर अर्जदाराला जुनेच नाव दिसते. म्हणून प्रतीला मुदत घालावी, किंवा बदल नोंदवणाऱ्या कोडनेच ती काढून टाकावी. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ‘कॅशइव्हिक्ट’ ही सोय आहे. सर्व्हर एकाहून जास्त असतील आणि प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र असेल, तर प्रत प्रत्येक ठिकाणी काढावी लागते.