सापांचा नाद आणि दवबिंदूंचा छंद

कुवेतमध्ये घरात झाड जगवणं हा तसा हट्टाचाच प्रकार. २१ जुलै २०१६ रोजी इथल्या मित्रिबा केंद्रावर ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. अशा देशात तुळशीला चार नवी पानं फुटली तरी आमच्या मराठी ग्रुपवर फोटो येतात. मग कुणी कीटक खाणारी झाडं पाळतो म्हटल्यावर कान टवकारणारच! माझा एक फिलिपिनो सहकारी सालमियातल्या आपल्या फ्लॅटमध्ये घटपर्णी वाढवतो. काचेच्या एका पेटीत ती झाडं आणि शेजारच्या पेटीत ठिपक्याठिपक्यांची एक मोठी पाल, लेपर्ड गेको. त्याचे याच छंदातले दोन-तीन मित्र आहेत. त्यांच्याकडेही तेच : एका कपाटावर झाडं, दुसऱ्यावर साप नाहीतर सरडा.

झाडांची आवड आणि सापांचा नाद एकाच माणसाला कसा काय लागतो, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "पेटी एकच, भाडेकरू वेगळे."

सामानाच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. काचेची पेटी, वर दिवा, दिव्याला टायमर, आत तापमान आणि आर्द्रता मोजायचं यंत्र. घटपर्णीला दमट हवा लागते, गेकोला कोरडी. पण ती राखायची विद्या एकच. खाऊसाठी किडे आणायचे ते दोघांनाही चालतात. पाण्याचं पथ्य मात्र झाडाचं जास्त कडक. क्षार असलेलं पाणी दिलं की ही झाडं हळूहळू मरतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच द्यावं लागतं. बाहेर वाळवंट आणि घरात बाटलीतल्या पाण्यावर वाढणारं झाड, अशी ही गंमत.

पण नुसत्या सामानावरून नाद लागत नाही. स्वभावही जुळावा लागतो. कुत्रा शेपूट हलवतो, मांजर मांडीवर येऊन बसतं. साप आणि घटपर्णी यांतलं काहीच करत नाहीत. तुम्ही ऑफिसातून आलात काय, नाही आलात काय, त्यांना फरक पडत नाही. साप आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा खातो आणि मग पडून राहतो. दोघंही भक्ष्यामागे फारसं धावत नाहीत, वाट पाहतात. त्यांना पाळणाऱ्यालाही वाट पाहायला शिकावं लागतं.

त्या वाट पाहण्यात केवढा हिशेब असतो ते 'व्हीनस फ्लायट्रॅप'मध्ये दिसतं. त्याच्या पानावरच्या बारीक केसाला एकदा धक्का लागला तर पान मिटत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तरच ते झटक्यात मिटतं. एखादा पावसाचा थेंब किंवा उडून आलेला कचरा असेल, तर उगाच मेहनत नको! आम्ही प्रोग्रॅमर खोटा सिग्नल गाळायला नेमकी हीच युक्ती वापरतो. चार्ल्स डार्विन या झाडांच्या इतका नादी लागला, की १८७५ मध्ये त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर एक अख्खा ग्रंथ लिहिला.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते मला कुवेतमध्ये नाही, आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर सापडलं. या झाडांचा आणि सापांचा पत्ता बरेचदा एकच असतो : ज्या जमिनीला आपण ओसाड म्हणतो, ती.

जांभा दगडाच्या सड्यावर माती असते जेमतेम काही बोटं. कोकणातला पाऊस तिच्यातला कस धुऊन नेतो. नत्र मिळत नाही, म्हणून काही झाडांनी ते किड्यांकडून घ्यायचा मार्ग काढला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सड्यावर बारकाईने पाहिलं तर तांबूस केसांवर चिकट थेंब धरून बसलेला दवबिंदू दिसतो. माशी टेकली की अडकली. जवळच ओल्या जागी जांभळ्या-निळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा पसरलेला असतो. नाव एवढं करुण, पण हीसुद्धा शिकारी. पाण्यातल्या तिच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. कासचं पठार बघायला लोक साताऱ्याला जातात, तिथेही हीच मंडळी आहेत.

आणि त्याच सड्यावर, त्याच दगडांखाली फुरसं असतं. हातभर लांबीचं, दगडाच्याच रंगाचं. डिवचलं की वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतं, करवतीसारखा आवाज काढतं. दवबिंदू शोधायचा तर खाली वाकून, पाऊल जपून टाकत चालावं लागतं, आणि असं चालणाऱ्याला फुरसंही दिसतंच. एकाचा शोध घेणाऱ्याला दुसऱ्याची ओळख आपोआप होते. व्हीनस फ्लायट्रॅपचंही असंच आहे. ते जंगली अवस्थेत फक्त अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साऊथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीजवळ उगवतं, पाइनच्या विरळ, नापीक रानात. रॅटलस्नेकही त्याच मुलखात राहतात.

कुवेतच्या वाळवंटातही मला हेच दिसतं. इथे 'धब' नावाचा काटेरी शेपटीचा मोठा सरडा आहे. पाला खाऊन राहतो आणि पाणी क्वचितच पितो. वसंतात त्याची शिकार करून खाणारेही आहेत. त्याचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे राजस्थान-कच्छमधला सांडा. रस्त्याकडेला 'सांड्याचं तेल' विकणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्या तेलापायीच तो बिचारा मारला जातो.

ओसाड समजल्या जाणाऱ्या जागेतलं जितराब असंच दोन बाजूंनी मरतं. कुणी किळस येते म्हणून मारतं, कुणी फार आवडलं म्हणून उचलून नेतं. फ्लायट्रॅपची चोरी इतकी वाढली, की नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०१४ पासून तो गंभीर गुन्हा ठरवला. मेघालयातली आपली घटपर्णी कायद्याने संरक्षित आहे आणि भारतातला साप घरात पाळणं हा तर गुन्हाच. म्हणून माझा सहकारी फक्त रोपवाटिकेत वाढवलेली रोपं घेतो, आणि मी सड्यावरून फोटोशिवाय काही आणत नाही.

पण तिसरी बाजूही आहे आणि ती आपल्या घरातली आहे. आमचा सड्यावर थोडा तुकडा आहे. गेल्या पावसाळ्यानंतर बाबांनी फोनवर सांगितलं, "सगळे कलमं लावतायत. जेसीबीने कातळ फोडायचा, डंपरने माती आणायची. तू पैसे पाठवलेस तर पुढच्या मे महिन्यापर्यंत होऊन जाईल."

यात बाबांचं काही चूक नाही. हापूसने आमच्यासारख्या किती घरांतली पोरं शिकवली. आईचं म्हणणंही खरं आहे. गवत कापताना शेजारच्या काकांना फुरसं चावलं होतं, सरकारी दवाखान्यात लस मिळाली म्हणून वाचले. फुरसं नाग, घोणस, मण्यार यांच्याच पंक्तीतलं. त्याचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. पण कातळ फोडून वर माती पसरली की दवबिंदू गेला, सीतेची आसवं गेली, आणि दगडाखालचं फुरसं गडग्यात नाहीतर अंगणात आलं. कस असलेल्या मातीत ही झाडं टिकतच नाहीत. त्यांना ओसाडपणाच लागतो.

अलीकडे उक्षी, कशेळी, बारसूच्या कातळशिल्पांमुळे सड्याकडे लोक जरा आदराने बघू लागलेत. तरी कागदावर तो अजून खडकाळ पडीक जमीनच आहे. आणि त्या पडीक जमिनीवर फिरणाऱ्या जेसीबीच्या डिझेलमध्ये कुवेत, दुबई, मस्कतच्या पगाराचा वाटा असतो, हे आपण आखातातल्या कोकणी लोकांनी एकदा स्वतःशी कबूल करायला हवं.

मी बाबांना म्हटलं, "घराच्या मागच्या मातीत हवी तेवढी कलमं लावा, पैसे पाठवतो. सडा तेवढा राहू दे." धाकट्या भावाला हे पटलेलं नाही. गावात राहून शेती बघतो तो, त्यामुळे त्याच्या शब्दाला माझ्याहून वजन आहे. निर्णय सप्टेंबरमध्ये मी गेल्यावर होईल. त्याला घेऊन एकदा सडा फिरायचा, गुडघे टेकून दवबिंदू दाखवायचा, असं ठरवलंय.

बाबा तूर्त एवढंच म्हणालेत, "बरं, थांबू तोपर्यंत. पण फुरशांसाठी जमीन राखून ठेवलीय असं वाडीत सांगत फिरू नकोस!"