सांधे आणि समाज (९) : तिसरा मजला, लिफ्ट नाही

कृत्रिम गुडघ्याच्या किमतींबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण ते आज राहू द्या. नवघर रोडवरून एका ताईंचं पत्र आलं आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टरांनी सांगितलं, ‘जिना टाळा.’ ताई विचारतात, ‘जिना टाळून मी घराबाहेर पडू कशी?’ दळण, भाजी, बँक सगळं सुनेवर आलं आहे, आणि दिवाळीनंतर त्या एकदाही खाली उतरलेल्या नाहीत.

गोडदेव, खारीगाव, नवघर या पट्ट्यात अशा तीन-चार मजली इमारती किती आहेत, ते भाईंदर पूर्वेच्या माणसाला सांगायला नको. मुंबईत घर परवडेना म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांत तरुण जोडपी इथे आली. ती आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यातल्या ज्यांचे गुडघे गेले ते वरच अडकले, आणि दवाखान्यापर्यंत येतच नसल्याने कुठल्याच नोंदवहीत त्यांचं नाव चढत नाही.

संधिवाताच्या रुग्णाला रोजचं काय जमतं हे मोजणारी एक प्रश्नावली आहे. स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज आणि सहकाऱ्यांनी ती १९८० साली प्रसिद्ध केली. तिच्यात बाथटबमध्ये अंघोळ करता येते का, व्हॅक्यूम क्लीनर फिरवता येतो का, असे प्रश्न होते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००२ साली तिची भारतीय आवृत्ती काढली आणि आपलं जगणं त्या कागदावर आलं. मांडी घालून किंवा उकिडवं बसता येतं का? रिक्षात चढता-उतरता येतं का? भाजीबाजार करता येतो का? तीन किलोमीटर चालवतं का? एक जिना चढता येतो का? एकूण प्रश्न फक्त बारा, विचारायला पाच-दहा मिनिटं पुरेत. ही बारा प्रश्नांची यादी मला फार मोलाची वाटते. रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये ताईंचा तिसरा मजला दिसत नाही, या यादीत तो लगेच दिसतो.

आणि दारोदार जाऊन सांधेदुखी विचारणं महाराष्ट्राला नवं नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला तेच केलं. कॉपकॉर्ड या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाच्या कार्यक्रमातलं ते काम. गावातलेच स्वयंसेवक शिकवून तयार केले, त्यांनी घरोघरी विचारपूस केली, दुखणं सांगणाऱ्यांना डॉक्टरांनी तिथेच तपासलं. चार हजारांवर प्रौढांची पाहणी पाच आठवड्यांत उरकली. शंभरातल्या अठरा जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं. झिजेचा संधिवात सुमारे सहा टक्के, तर ज्याला लवकर औषध लागतं तो आमवात अर्धा टक्का. म्हणजे शस्त्रक्रिया किंवा महागडी औषधं थोड्यांनाच लागतात. बाकीच्यांना हवा असतो नीट सल्ला, व्यायाम आणि कुणीतरी केलेली चौकशी.

आज आपल्याकडे आशा सेविका तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला मधुमेह, असं त्यात विचारतात. साठीच्या पुढच्यांना तर उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हेही विचारतात. त्याच्याच खाली दोन ओळी वाढवाव्यात : ‘जिना चढता येतो का? शेवटचं खाली कधी उतरलात?’ महापालिकेच्या आरोग्य केंद्राला एवढं कळलं, तरी फिजिओथेरपिस्टला कुठल्या इमारतीत पाठवायचं ते ठरवता येईल. सोसायट्यांनीही जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसवावा आणि प्रत्येक वळणावर टेकायला एक स्टूल ठेवावं. वार्षिक सभेत रंगकामावर तासभर बोलणं होतं, त्यातली दहा मिनिटं यासाठी काढावीत.

आता ताई, तुमच्यापुरतं. जिना कायमचा सोडलात तर मांडीचे स्नायू सुकतील आणि गुडघ्यावर आणखी भार येईल. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करा, मनात पाच आकडे मोजेपर्यंत धरा, मग सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. चढताना बरा पाय आधी टाका, उतरताना जास्त दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. गुडघा सुजला, गरम लागला किंवा सकाळी तासभर बोटं आखडलेली राहिली, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. तो लांबलेला हिशेब पुढच्या आठवड्यात.