‘आवाज वाढव!’ म्हणणाऱ्यांसाठी

गणपतीत लालबाग-परळच्या गल्लीत एकांकिका असो, शक्ती-तुरा असो की पाहुण्यांचं भाषण, मागच्या रांगेतून ठरलेली आरोळी येतेच : ‘आवाज वाढव!’ साउंडवाला बटण फिरवतो आणि मघाशी निदान पुसट कळत होतं, तेही कळेनासं होतं. पुढच्या वर्षी मंडळ आणखी मोठे स्पीकर भाड्याने आणतं. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज, हा समज काही केल्या जात नाही.

शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, पण जोर असतो स्वरांत. वर पत्रा, दोन्ही अंगांना चाळींच्या समोरासमोर भिंती. त्यांच्यात आधीचा स्वर घुमत राहतो आणि पुढचं व्यंजन गिळून टाकतो. ‘पाट’ म्हणाला की ‘काठ’, मागच्याला पत्ता लागत नाही. बटण फिरवलं की शब्दाबरोबर घुमणंही तेवढंच वाढतं. मग मिळवलं काय?

दुसरा घोळ अंतराचा. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्टेजपासून 34 मीटरवरच्या स्पीकरला वायरीतून शब्द लगेच मिळतो. स्टेजवरचा तोच शब्द तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा! बहुतेक डिजिटल मिक्सरवर यावर फुकटचा उपाय असतो : मागच्या स्पीकरला मीटरमागे सुमारे 3 मिलिसेकंद ‘डिले’ द्या, वर आणखी 10-15. ही वरची भर कशाला? आवाज जिकडून आधी येतो तिकडूनच आला, असं कान धरतो. हेल्मुट हास यांनी 1949च्या प्रबंधात हे तपासलं आहे. नट स्टेजवरूनच बोलतोय असं वाटतं. स्पीकरच्या मोठ्या दोन भिंती उभारण्यापेक्षा छोटे स्पीकर अंतराअंतरावर, तोंडं प्रेक्षकांकडे करून लावा, पत्र्याकडे नको.

कनात लावली की आवाज बाहेर जात नाही? जातो. आवाज अडवायला वजन लागतं. जाड, चुण्यांचे पडदे आतलं घुमणं थोडं कमी करतात. ढोलाचा खर्ज त्यांना जुमानत नाही. आवाज अडवायला अंड्यांचे ट्रे लावले तर? पेट घेतात, एवढं नक्की. रिकाम्या मांडवातलं टेस्टिंगही पुरेसं नाही. माणसं आवाज शोषतात; मांडव भरल्यावर मागे जाऊन पुन्हा ऐका.

आणि ‘परवानगी आहे, वाजव कितीही’ हेही खोटं. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55, म्हणजे 65. रात्री बारापर्यंत मिळते ती सवलत वेळेची, आवाजाची नव्हे.