बॅग भरण्याआधी भरायचा रकाना

२००९ सालची गोष्ट. घरातल्या लग्नासाठी भारतातून निघालेला एक प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरला आणि तिथेच त्याला दरदरून घाम फुटला, हातापायांतली शक्ती गेली. हृदयविकाराचा झटका होता. रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, तीन स्टेंट बसले, जीव वाचला. निघण्यापूर्वी त्याने परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी रीतसर घेतली होती. तरीही विमा कंपनीने क्लेम नाकारला. कोलेस्टेरॉलसाठीची गोळी चालू असल्याचं अर्जात लिहिलं नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगात तो हरला. शेवटी ६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. झटका आल्यापासून निकाल हाती पडेपर्यंत बारा वर्षं गेली.

त्याला तारलं ते एका नोंदीने. आपल्याला मधुमेह आहे, हे त्याने अर्जात स्पष्ट लिहिलं होतं. मधुमेह आहे हे माहीत असताना, वैद्यकीय तपासणी करून कंपनीने पॉलिसी दिली. मग त्याच्याशी निगडित धोका माहीत नव्हता असं नंतर म्हणता येणार नाही, असं न्यायालयाचं सांगणं होतं. परदेशात अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यासाठीच तर माणूस अशी पॉलिसी घेतो. त्याच निकालात अर्जदाराचं कर्तव्यही सांगितलं आहे: विचारलेलं सगळं खरं सांगायचं.

प्रवासाच्या तयारीबद्दल लिहायला बसलं की मला आधी विम्याच्या अर्जातला हा आजारांचा रकाना आठवतो. कारण आपल्याकडे तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत भरला जातो.

लेकीच्या बाळंतपणाला

पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात असं घर शोधावं लागत नाही. लेक किंवा सून अमेरिकेत, दिवस भरत आलेले, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी निघालेले. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी, भाजणी यांचं वजन महिनाभर आधीपासून काट्यावर तोललं जातं. विमा मात्र निघण्याच्या आठवड्यात, एजंटच्या एका फोनवर होतो. "काका, काही आजार?" काका म्हणतात, "नाही हो, बीपी आहे पण गोळीने नॉर्मल असतं." एजंट ‘नाही’वर खूण करतो. मोबाइलवर ओटीपी येतो, काका तो सांगतात आणि पॉलिसी तयार होते.

गोळीने नॉर्मल राहणारं बीपी हा विम्याच्या भाषेत आजारच असतो. दहा वर्षांपूर्वी झालेली बायपास, थायरॉइडची रोजची गोळी, मागच्या वर्षी काढलेला मूतखडा, हे सगळं त्या रकान्यात यायला हवं. अर्ज एजंटने भरला तरी सांगणारे तुम्हीच असता, जबाबदारीही तुमचीच राहते. म्हणून भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या, ओळ न् ओळ वाचा आणि चूक दिसली तर निघण्यापूर्वी लेखी दुरुस्त करून घ्या. हप्ता थोडा वाढेल, कदाचित तपासणी करायला सांगतील. ते परवडतं. खोटा ‘नाही’ परवडत नाही.

आजार लिहिला म्हणजे त्याचा सगळा खर्च मिळेल, असंही नाही. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच पॉलिसींमध्ये जुन्या आजारासाठी फक्त जीव धोक्यात असतानाचे उपचार, तेही रुग्ण स्थिर होईपर्यंतच, दिले जातात. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन याहून अधिक देतात. आई-बाबांची पॉलिसी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: "यांचं जुनं दुखणं परदेशात उसळलं तर तुम्ही नेमकं काय देणार?" उत्तर ईमेलवर घ्या.

रक्कम मोठी, अटी बारीक

प्रवास विमा घेताना ‘अमेरिका-कॅनडासह’ आणि ‘अमेरिका-कॅनडा वगळून’ असे दोन भाव दिसतात. तिथले उपचार इतके महाग आहेत की हप्ताच वेगळा लावावा लागतो. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे, की आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला, त्याच्याकडे पैसे असोत नसोत, तपासून स्थिर करावंच लागतं. पण बिल माफ होत नाही, ते नंतर घरी येतं. शिवाय अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही. त्यामुळे न घेताच निघणारेही असतात. युरोपात शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवावंच लागतं. जिथे धोका सर्वांत मोठा, तिथे विचारणारं कुणी नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर ५० हजार, १ लाख किंवा ५ लाख डॉलर असे आकडे असतात. त्यामागची पानं उघडून तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली, डिडक्टिबल. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. ती शंभर डॉलर असेल तर बिलातले पहिले शंभर डॉलर तुमचेच.

दुसरी, सब-लिमिट. साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी किंवा एकेका आजारावर वेगळी मर्यादा लावलेली असू शकते. पाच लाख डॉलरची पॉलिसी, पण एका आजाराला मर्यादा काही हजारांची, असंही निघतं. त्यापेक्षा सब-लिमिट नसलेली लहान रकमेची पॉलिसी जास्त उपयोगी पडते.

तिसरी, मुदत आणि वाढ. बाळाचं बारसं झालं, आई-बाबा आणखी महिनाभर राहिले, आणि पॉलिसी मात्र आधीच संपली, हे होतं. मुदतवाढ पॉलिसी संपण्याआधी मागावी लागते. मधे क्लेम झाला असेल तर ती मिळेलच असं नाही.

मुलं कधी कधी तिकडूनच विमा काढतात. अमेरिकेतल्या अशा पॉलिसींचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक तपासणीला, प्रत्येक दिवसाला ठरलेली रक्कम मिळते आणि उरलेलं बिल तुम्ही भरायचं. दुसऱ्यात डिडक्टिबलनंतर खर्चाचा मोठा वाटा कंपनी उचलते आणि तिच्या नेटवर्कमधल्या रुग्णालयात गेलात तर सोय अधिक. पहिला प्रकार स्वस्त दिसतो. हृदयविकाराच्या बिलासमोर त्याची ठरलेली रक्कम फार तोकडी पडते.

औषधांचा डबा

विमा पैशाचं बघतो. पण पहिल्या तासात उपयोगी पडतो तो कागद, ज्यावर तुमची औषधं लिहिलेली असतात. ब्रँडची नावं परदेशात चालत नाहीत. आपली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. लंडनला गेलात तर साखरेचा आकडाही वेगळा: आपल्याकडची १८० तिथल्या मोजमापात १० होते. म्हणून डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ आणि कोणत्या आजारासाठी, असं टाइप केलेलं पत्र घ्या. गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवा, आणि निदान काही दिवसांच्या हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेली बॅग दोन दिवस उशिरा आली तरी इन्सुलिन चुकता कामा नये. अमेरिकेत सोबत औषधं नेण्याची सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची आहे. सहा महिने राहायचं असेल तर पुढच्या औषधांची सोय आधीच ठरवून ठेवायला हवी.

आखातात जाणाऱ्यांनी आणखी जपायला हवं. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाहीत. खसखशीवरही तिथे बंदी आहे. दिवाळीच्या फराळातले खसखस लावलेले अनारसे मायेने बांधून दिले जातात, आणि दुबईच्या विमानतळावर तेच अडचणीत आणू शकतात. केनियाची सफारी ठरली असेल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

विमान रद्द, बॅग गायब, पासपोर्ट हरवला

२०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचं आकाश जवळपास सहा दिवस बंद पडलं. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली, एक कोटीच्या आसपास प्रवासी अडकले. त्या काळात दोन धडे मिळाले. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारं विमान रद्द झालं, तर कारण नैसर्गिक असलं तरी जेवण आणि राहण्याची सोय विमान कंपनीने करायची असते. आणि संकट जाहीर झाल्यावर घेतलेला विमा त्या संकटासाठी चालत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात विमा घ्या, म्हणजे निघण्याआधी घरात कुणी आजारी पडलं आणि प्रवास रद्द झाला तरी, पॉलिसीत ते कारण असेल तर, संरक्षण मिळतं.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा कागद घ्या. त्या कागदाशिवाय विम्याचा क्लेम पुढे सरकत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅगेचं नुकसान झालं असेल तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत, मग भारतीय दूतावासात. घरी परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र दूतावास देऊ शकतो. पासपोर्टच्या पानांची प्रत फोनमध्ये आणि घरी, दोन्हीकडे असेल तर हे काम सोपं होतं.

देशातल्या देशात

देशात फिरताना पहिला आधार तुमच्या नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीचा. मनाली असो वा मदुराई, ती चालते. फक्त जिथे जाणार तिथलं नेटवर्क रुग्णालय आधी बघून ठेवा. रेल्वेचं ई-तिकीट काढताना ४५ पैशांत विमा मिळतो आणि अपघाती मृत्यूसाठी त्यात १० लाखांचं संरक्षण असतं. बरेच जण तो घेतात, पण नंतर विमा कंपनीकडून आलेली लिंक उघडून वारसाचं नाव भरत नाहीत. ते पाच मिनिटांचं काम त्याच दिवशी करून टाका.

गोव्यात भाड्याची स्कूटर घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे, आणि गाडी चालवण्याचा परवाना नसताना अपघात झाला तर क्लेम अडतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, केदारनाथही तेवढ्याच उंचीवर. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस विश्रांतीचे धरावेत. ट्रेकला जाणाऱ्यांनी पॉलिसीत उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आहे का, हे विचारावं.

त्या रात्री

अमेरिकेत रात्री दोनला बाबांच्या छातीत दुखू लागलं, तर ९११ ला फोन करायचा, विम्याचा विचार नंतर. पण पाय मुरगळला, ताप आला, तर मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात धावण्याऐवजी ‘अर्जंट केअर’ दवाखाना शोधायचा. बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रुग्ण रुग्णालयात सुरक्षित झाला की पॉलिसीवरच्या साहाय्य क्रमांकावर फोन करायचा आणि क्लेमचा संदर्भ क्रमांक लिहून घ्यायचा. कॅशलेसचं काम तिथून सुरू होतं. डिस्चार्जचा कागद, तपशीलवार बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, यातलं काही फेकू नका.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईत आहेत, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची सुनावणी तिथे होते, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

हे सगळं आई-बाबांना एकट्याने जमणार नाही. त्यांच्या फोनमध्ये पॉलिसी असते, पण ती उघडायची कशी हे घाबरलेल्या क्षणी सुचत नाही. म्हणून एक पान छापा. ते त्यांच्या पर्समध्ये, मुलांच्या फ्रिजवर आणि इथे राहणाऱ्या एका जवळच्या माणसाकडे ठेवा.

चौकट: एका पानावर

• पॉलिसी क्रमांक, मुदत, साहाय्य क्रमांक
• आजार, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, रक्तगट
• औषधांची मूळ नावं आणि मात्रा
• इथल्या डॉक्टरांचा आणि तिथल्या नातलगांचा फोन
• पासपोर्ट क्रमांक, दूतावासाचा फोन
• आपत्कालीन क्रमांक: भारत ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिका १०८, रेल्वे १३९, राष्ट्रीय महामार्ग १०३३, अमेरिका ९११, युरोप ११२, ब्रिटन ९९९

बॅगेत वीस किलो लाडू-भाजणी भरताना आपण एकेक ग्रॅम मोजतो, कारण लेकीसाठी ते न्यायचं असतं. त्याच मायेने, लाडू वळायच्या आधी, आई-बाबांना शेजारी बसवून आजारांचा रकाना भरा. त्यांना आठवत नसेल तर जुनी फाइल काढा, डॉक्टरांना विचारा. सॅन फ्रान्सिस्कोला घाम फुटलेल्या त्या प्रवाशाजवळ बारा वर्षांनी जो आधार उरला, तो त्याने घरून निघताना लिहिलेल्या ‘मधुमेह आहे’ या दोन शब्दांचा होता.