हाजीअलीच्या खडकावरची पोवळी

मुलांनो, आजीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांमध्ये ओवलेलं लाल पोवळं पाहिलंय ना? "पोवळं म्हणजे काय?" असं मी वर्गात विचारलं, तर सगळे एका सुरात ओरडले, "खडा!"

अहो, तो एका इवल्याशा प्राण्याने बांधलेल्या घराचा तुकडा आहे!

दागिन्यांतलं लाल पोवळं बहुधा भूमध्य समुद्रातलं. पण त्याचे भाऊबंद, म्हणजे प्रवाळ, आपल्या मुंबईच्या खडकांवरही राहतात. कितीतरी प्रवाळ समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन घर बांधतात. घराला घर लागून वसाहत होते, अगदी आपल्या गिरगावातल्या चाळीसारखी! उष्ण समुद्रातले बरेच प्रवाळ तर भाडेकरूही ठेवतात. अतिसूक्ष्म शेवाळ त्यांच्या अंगात राहतं, उन्हात अन्न तयार करतं आणि भाड्यापोटी त्यातला वाटा मालकाला देतं. पाणी फार दिवस तापलं, की हे भाडेकरू बाहेर पडतात. प्रवाळ पांढराफटक होतो आणि तसाच राहिला, तर उपासमारीने मरतो.

अशा असंख्य वसाहतींची मिळून प्रवाळभित्ती बनते. समुद्राच्या तळाचा एक टक्कासुद्धा भाग या भित्तींनी व्यापलेला नाही, पण सागरी जीवांच्या सुमारे पाव जाती त्यांच्या आसऱ्याला येतात. मुंबईचं पाणी गढूळ, त्यामुळे इथे भित्ती नाहीत, लहान वसाहतीच आहेत. जास्त प्रवाळ पाहायचे तर मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झालं. (पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका हं!)

मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचं काम चालू असताना वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती आढळल्या. प्रवाळाला वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या हलवल्या. बऱ्याचशा गेल्या कुलाब्याच्या किनाऱ्याला. नंतरच्या पाहणीत बहुतेक प्रवाळ जगलेले दिसले. बरं वाटलं. पण १८ वसाहती उचलून नेता येतात, अख्खी प्रवाळभित्ती कशी नेणार? आणि समुद्रच तापला तर न्यायची तरी कुठे?

हे ऐकून परळहून येणारी एक चिमुरडी म्हणाली, "बाई, आमची चाळ पाडली तेव्हा आम्हीपण दुसरीकडे राहायला गेलो. त्यांना करमतं का हो तिकडे?"