समुद्र नसलेल्या संस्थानाचं जहाज

मंडळाच्या बैठकीत मी 'निझाम' या युद्धनौकेचा विषय काढला, तेव्हा एकाने लगेच विचारलं, "हैदराबादला कुठला आला समुद्र? हुसेनसागरात चालवायची होती का?" हसू आलं, पण प्रश्न अगदी योग्य होता.

हैदराबादला एकेकाळी समुद्र होता. कुतुबशाहीचं बंदर मछलीपट्टणम. गोवळकोंड्याचं कापड तिथूनच जहाजांनी परदेशी जायचं. पण 1759 मध्ये सलाबतजंगाने इंग्रजांशी तह केला आणि मछलीपट्टणम हातचं गेलं. पुढच्या काही वर्षांत सगळा उत्तर सरकार प्रांतच गेला. उरलं ते चहूबाजूंनी जमीन असलेलं संस्थान.

अशा संस्थानाच्या अधिपतीचं नाव एका विनाशिकेला मिळालं. सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिशांना दोन्ही महायुद्धांत सढळ हाताने पैसा दिला. पहिल्या महायुद्धात त्यांच्या पैशातून आलेल्या विमानांमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या 110व्या तुकडीला 'हैदराबाद' हे नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात हा मान जहाजाला मिळाला. या वर्गातल्या नौकांची नावं इंग्रजी 'एन' अक्षराने सुरू होणारी होती: नेपियर, नेस्टर, नॉर्मन. त्यात 'निझाम' चपखल बसलं.

स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या जॉन ब्राऊन गोदीत 4 जुलै 1940 रोजी तिचं जलावतरण झालं आणि जानेवारी 1941 मध्ये ती सेवेत आली. ही नौका ऑस्ट्रेलियाला भेट दिली होती, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. खरं तर मालकी ब्रिटिश नौदलाचीच राहिली, खलाशी मात्र ऑस्ट्रेलियन होते.

मे 1941 च्या अखेरीस क्रीट बेट जर्मनांच्या हाती जात होतं. तेव्हा 'नेपियर' आणि 'निझाम' यांनी रात्रीच्या अंधारात स्फाकियाच्या किनाऱ्यावरून शेकडो सैनिक उचलून आणले. वेढ्यात सापडलेल्या तोब्रुकलाही ती रसद आणि माणसं पोहोचवत राहिली. फेब्रुवारी 1945 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला, केप लीविनजवळ, एका प्रचंड लाटेने ती जवळजवळ आडवी झाली. दहा खलाशी समुद्रात वाहून गेले. शत्रूची एक गोळीही न लागता. सप्टेंबरमध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा ती टोकियो उपसागरात हजर होती. पुढे ती भंगारात निघाली.

मला या गोष्टीत दोन गोष्टी टोचतात. पहिली म्हणजे, संस्थानाचा खजिना भरत होता तो बीड, परभणी, नांदेडच्या रयतेच्या सारावरही. आमच्या आजोळी शेतसारा भरणाऱ्यांपैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. आपल्या घामाचं नातं क्रीटच्या किनाऱ्याशी जोडलं जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. आणि त्या दहा खलाशांपैकी कुणी हैदराबाद पाहिलं असेल, असंही वाटत नाही.

दुसरी म्हणजे, 1947-48 मध्ये याच संस्थानाला बंदराची उणीव भारी पडली. पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदर मिळवायची खटपट झाली, ती फसली. शेवटी कराचीहून सिडने कॉटन या वैमानिकाकरवी रात्री चोरून विमानांनी शस्त्रं आणावी लागली. जगाच्या समुद्रावर नाव फिरलं, पण स्वतःचा हातभर किनारा नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी हुसेनसागरावर शिडाच्या होड्या बघाल, तेव्हा त्या दहा जणांची आठवण ठेवा. आपल्या शहराच्या राजाचं नाव कपाळावर घेऊन ते गेले.